घोड्याच्या पायाची पट्टी

मराठी माणसाच्या अंगणातून घोडा केव्हाच गेला. भाषेतून मात्र तो अद्याप गेलेला नाही. उशिरा सुचलेल्या शहाणपणाला आपण वरातीमागून घोडे म्हणतो. कसोटीची वेळ आली की घोडामैदान जवळ येते, काम अडले की घोडे पेंड खाते, आणि एखाद्या ग्रंथात निरुपयोगी मजकूर वाढला की त्याला खोगीरभरती म्हणून आपण मोकळे होतो. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर अशा ठिकाणी ज्यांचे पूर्वज घोडदळाबरोबर गेले आणि तेथलेच झाले, त्या घरांतूनही हे वाक्प्रचार अजून नांदत आहेत. परंतु ज्या पायांवर तो सारा इतिहास उभा राहिला, त्या पायांविषयी आपणांस कितीशी माहिती असते? या महिन्यात त्या पायांचा, आणि तबेल्यात त्यांना बांधावयाच्या एका साध्या पट्टीचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी लहान व आपल्यापासून दूरचा वाटेल. पण जो जीव बोलू शकत नाही त्याची शुश्रूषा कशी करावी, हा त्यातला प्रश्न लहानही नाही आणि दूरचाही नाही.

आमच्या गोव्यात डिचोली, पेडणे व सत्तरी या तालुक्यांत शिगमोत्सवात घोडेमोडणी होते. फुलांनी सजविलेला फेटा, कमरेला लाकूड-बांबूचा कापड चढविलेला घोडा, डाव्या हाती लगाम, उजव्या हाती तलवार आणि पायांत घुंगरांचे चाळ, असा वेष करून नर्तक ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढेमागे झेपावतात. जुन्या वीरांच्या विजयाची ती आठवण आहे असे मानतात. या घोड्याला डोके आहे, मान आहे, आयाळ आहे. नाहीत ते फक्त पाय. नर्तकाचे पाय तेच घोड्याचे पाय. चाळ बांधताना खाली मऊ कापडाची घडी घेतली नाही, किंवा दोरी अधिक आवळली गेली, तर नर्तक तत्काळ म्हणतो, 'जरा सैल कर रे.' खऱ्या घोड्याला एवढे चार शब्द बोलता येत नाहीत. घोड्याच्या पायाला पट्टी बांधण्याचे जे काही शास्त्र आहे, ते या एका उणिवेतून जन्मास आले आहे.

प्रथम तो पाय कसा आहे ते पाहू. घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणून आपण जो सांधा दाखवितो, तो शरीररचनेच्या दृष्टीने आपले मनगट आहे. त्याच्या खालचे लांब हाड म्हणजे आपल्या तळहाताचे हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. मागच्या पायाचा उलट्या दिशेने वळणारा सांधा ही आपली टाच. म्हणजे पाच-सहा खंडी वजनाची नव्हे, तरी चारपाचशे किलो वजनाची ही काया चार बोटांच्या टोकांवर तोललेली असते. या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. पुढे नळीचे हाड, मागे दोरीसारख्या भक्कम कंडरा, आणि त्यांवर पातळ कातडी, एवढाच संसार. कंडरा म्हणजे वरच्या स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचविणारा दोर. तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यामुळे ती एकदा दुखावली की भरून येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते, आणि भरून आली तरी पूर्वीचा लवचिकपणा पुरता परत येत नाही. आपल्या पोटरीवर पट्टी थोडी घट्ट बसली तर मांस ते सोसून घेते. घोड्याच्या नळीवर दाब झेलणारी अशी गादी निसर्गाने ठेवलेलीच नाही. ती आपल्याला बाहेरून द्यावी लागते.

घोड्याच्या पायाची ही किंमत आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. शिवछत्रपतींच्या पागेत दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि पाय, या दोन गोष्टींची हयगय झाली तर पंचवीस घोडी जागच्या जागी बसतील, हा हिशेब त्यामागे होता. बारगिराचा घोडा सरकारचा असे, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा लंगडला की त्याची चाकरीच लंगडली. त्याहूनही मागे गेलो तर विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुल अश्वपाल होऊन राहिला, तेव्हा त्याने ग्रंथिक हे नाव घेतले. ग्रंथी म्हणजे गाठ. नावाचा हेतू काहीही असो, घोड्यांची निगा राखणाऱ्यास ते शोभून दिसते खरे! या नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली छापून प्रसिद्ध केले. शालिहोत्र हा अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो, आणि घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत, तो शब्द त्याच्याच नावावरून आला आहे.

आता पट्टी कशासाठी बांधावयाची? आज आपल्याकडे ती प्रामुख्याने शर्यतीच्या घोड्यांच्या व घोडेस्वारी शिकविणाऱ्या संस्थांच्या तबेल्यांत दिसते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर हिवाळ्यात आणि पुण्यास पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो. घोड्यांना वाहनातून घाट चढावा-उतरावा लागतो. अशा प्रवासात एका पायाची नाल दुसऱ्या पायाला लागू नये, गाडीच्या फळीवर नळी आपटू नये, म्हणून जाड गादी घालून पाय गुंडाळतात. तबेल्यात पट्टी बांधण्याची कारणे तीन. जखमेवरचे औषध जागेवर राहावे. दुखावलेल्या पायाला वैद्याच्या सल्ल्याने बेताचा दाब मिळावा. आणि बराच काळ उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायांत पाणी उतरू नये.

हे पाणी उतरणे म्हणजे काय? घोडा चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक खुराच्या आतील मऊ भाग दाबला जातो व रक्त वर ढकलले जाते. पाऊल हाच तेथला पंप. घोडा दिवसभर ठाणावर बांधून ठेवला की हा पंप थांबतो आणि घोट्याभोवती, विशेषतः मागच्या पायांत, सूज दिसू लागते. आपल्याकडे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. ज्या कोणा शहाण्याने ते रचले त्याला घोड्याचे पाय चांगले कळत असले पाहिजेत. दोन्ही मागचे पाय सारखेच सुजलेले आहेत, हात लावल्यास दुखत नाहीत, गरम नाहीत, आणि दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणले की सूज उतरते, तर त्या घोड्याला पट्टी नको आहे. त्याला फिरणे हवे आहे. पट्टी हा फिरण्याला पर्याय नव्हे. रोजच्या रोज विनाकारण पट्टी बांधत गेले तर मग ती सोडली की पाय सुजतात, असाही अनुभव येतो. पट्टीमुळे कंडरेला बळ येते ही समजूतही जपून घ्यावी. कापडाची पट्टी सूज आवरते, ऊब देते, जखम झाकते. घोडा आपले सारे वजन पायावर टाकतो तेव्हा तो भार पट्टी उचलू शकत नाही.

याउलट एकच पाय सुजला असेल, तो गरम लागत असेल, घोडा लंगडत असेल, त्याला ताप असेल किंवा जखमेला घाण वास येत असेल, तर पट्टी गुंडाळून सकाळची वाट पाहू नये. पशुवैद्याला बोलवावे. आत पू धरलेला पाय बाहेरून झाकणे म्हणजे आग लागलेल्या खोलीचे दार लावून घेणे होय.

पट्टी बांधावयाचीच असे ठरले म्हणजे पहिले काम हाताचे. पाय स्वच्छ व पूर्ण कोरडा करावा. आमच्याकडे जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात ही अट पाळणे किती कठीण ते कोकण-गोव्याकडील वाचकांना सांगावयास नको. पण ओल्या वा चिखलाच्या पायावर पट्टी बांधली की आत कातडी उबते, केस झडतात, खरूज धरते. खरारा करून चिकटलेला गवताचा तूस, भुसा, खडा काढून टाकावा. मग उघड्या तळहाताने नळी वरून खाली चाचपावी आणि लागलीच जोडीचा दुसरा पाय चाचपून ताडून पाहावा. रोजचा पाय कसा लागतो हे ज्याच्या हाताला ठाऊक असते, त्यालाच आजचा निराळेपणा कळतो.

नंतर गादी. कापसाची, किंवा दोन कापडांत कापूस घालून शिवलेली, सगळीकडे सारख्या जाडीची. खोगीरभरतीने मराठीत भरतीला वाईट नाव आणले आहे. येथे मात्र भरती हाच सारा आधार आहे. पट्टीचा दाब एका रेषेवर न पडता सगळीकडे वाटला जावा, हे तिचे काम. चांगली दाबलेली गादी सुमारे एक इंच जाड भरावी. ती गुडघ्याच्या किंचित खालपासून घोटा, म्हणजे खुरावरचा गोल सांधा, झाकेल इतकी उंच असावी. सुरकुती पडली तर ती उलगडून पुन्हा लावावी. गादीची आणि पट्टीची कड मागच्या कंडरेवर न येता हाड व कंडरा यांच्यामधल्या खोलगट भागात यावी. पातळ, मळलेल्या किंवा गोळे झालेल्या गादीवर बांधलेली पट्टी ही गादीवाचून बांधल्यासारखीच.

पट्टी चार-पाच इंच रुंद असावी आणि आधीच घट्ट, सरळ गुंडाळून ठेवलेली असावी. बांधता बांधता ती हातातून सुटून जमिनीवर लोळली की घोडा बुजतो. सुरुवात नळीच्या मध्याजवळ करावी. पट्टी हाडावरून, म्हणजे समोरून, बाहेरच्या बाजूने मागे न्यावी आणि मागून आतल्या बाजूने पुन्हा पुढे आणावी. डाव्या पायाला हा फेरा वरून पाहणाऱ्यास घड्याळाच्या उलट दिसेल, उजव्या पायाला घड्याळाप्रमाणे. ताण द्यावयाचा तो समोरच्या हाडावर. मागच्या कंडरा ओढल्या जाऊ नयेत, हा या दिशेचा हेतू. गादीही त्याच दिशेने गुंडाळलेली असली पाहिजे, नाहीतर पट्टीचा प्रत्येक फेरा तिला सैल करीत जातो. प्रत्येक फेऱ्याने आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकावा. असे खाली घोट्यापर्यंत जावे, घोट्याला खालून आधार देऊन पुन्हा वर यावे आणि गुडघ्याखाली थांबावे. वर व खाली गादीचा अर्धा इंच काठ पट्टीबाहेर दिसत राहावा. तो दिसला नाही म्हणजे पट्टीची कड थेट कातडीवर बसली असे समजावे.

ताण किती? येथेच घोडे पेंड खाते! सैल पट्टी घसरून घोट्यावर जमा होते, पायांत अडकते आणि घोड्याला पाडते. घट्ट पट्टी रक्त अडविते. जाणते लोक सांगतात की वरच्या काठाशी गादी व पट्टी यांच्यामध्ये एक बोट बेताने सरकावे, आणि वरपासून खालपर्यंत ताण एकसारखा असावा. घट्ट ताणापेक्षाही कमीजास्त ताण वाईट. एकच फेरा आवळला गेला तर त्याची दोरी होते. ताणली जाणारी क्रेप बँडेज वापरताना विशेष जपावे, कारण ती हाताला न कळत आवळली जाते, आणि एकदा आवळली की आपण होऊन सैल होत नाही. सुती पट्टी भिजली की आक्रसते. म्हणून पट्टी बांधलेला घोडा पावसात वा ओल्या गवतात उभा करू नये. शेवटची बांधणी बाहेरच्या अंगाला असावी, समोर हाडावर किंवा मागे कंडरेवर कधीही नसावी. नाडी किंवा चिकटपट्टी असेल तर ती पट्टीपेक्षा अधिक घट्ट नको. टाचण्या तर टाळलेल्याच बऱ्या. सुटलेली टाचणी गवतातून घोड्याच्या तोंडात जाऊ शकते. पट्टी बांधताना दुसऱ्या माणसाने घोडा धरावा. बांधणाऱ्याने पायाच्या बाजूला उकिडवे बसावे. गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नये, कारण घोडा बिचकला तर क्षणात बाजूला होता आले पाहिजे. आणखी एक गोष्ट. एक पाय दुखावलेला असेल तर वजन जोडीच्या चांगल्या पायावर पडते. म्हणून त्यालाही पट्टी द्यावी लागते.

एवढे झाले म्हणजे काम संपले असे बहुतेकांस वाटते. माझ्या मते खरे काम येथून पुढे सुरू होते. आमच्या तालुक्यातील एक तरुण शाळा सोडल्यावर मुंबईस एका तबेल्यात मोतद्दार झाला. गेल्या शिगम्यास गावी आला असता त्याच्याशी बोलणे झाले. तो म्हणाला, 'सर, बांधायला मी आठ दिवसांत शिकलो. सोडून बघायचा कंटाळा करायचा नाही, हे शिकायला वर्ष लागलं.' या एका वाक्यात सारे आले. तबेल्याची पट्टी बारा तासांहून अधिक ठेवू नये. सकाळ-संध्याकाळ ती सोडावी. सोडताना ओढू नये, एका हातातून दुसऱ्या हातात घेत उलगडावी. पाय हाताने चोळावा, कातडी पाहावी, घोडा फिरवावा, आणि गरज असेल तरच झटकून, वाळवून, नव्याने गुंडाळलेली पट्टी पुन्हा बांधावी. मधल्या वेळेतही लक्ष असावे. घोडा पाय आपटतो, पट्टीला तोंड लावतो, पाय उचलून धरतो, पट्टीच्या वर फुगवटा दिसतो, ही त्याची भाषा आहे. 'जरा सैल कर रे' हेच तो म्हणत असतो. सोडल्यावर कातडीवर खोल वळ, केस ओढले गेलेल्या रेषा, किंवा एखाद्या ठिकाणी ऊब व दुखरेपणा आढळला तर पट्टी पुन्हा बांधू नये. दाबाने दुखावलेल्या जागी पुढे कधी कधी पांढरे केस उगवतात. ते जन्मभर राहतात. कंडरा सुजून जाड झाली तर तीही नुकसानी जन्माची. घोडा धावला नाही, पडला नाही, कोणी मारले नाही. नुसत्या प्रेमाने बांधलेल्या पट्टीने तो अधू झाला, असे घडू शकते.

ज्यांच्या घरी घोडा नाही, त्यांना याचा काय उपयोग? आपल्या लग्नसमारंभात अजून नवरदेव घोड्यावर बसतो. माथेरानला मोटारींना बंदी आहे. तेथे आजही पर्यटक घोड्यावरून फिरतात आणि अनेक कुटुंबांची चूल त्या घोड्यांवर पेटते. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शहरांतून मुले घोडेस्वारी शिकू लागली आहेत. यांपैकी कोठेही पायाला पट्टी बांधलेला घोडा पुढ्यात आला तर आपण दोन गोष्टी करू शकतो. विकत घेणाऱ्याने पट्टी सोडवून पाय पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. भाड्याने घेणाऱ्याने, पट्टी कशासाठी आहे, असे सरळ विचारावे. जखम झाकून कामाला लावलेला घोडा असेल तर त्यावर बसू नये. आजारी, जखमी किंवा कामास असमर्थ जनावराला कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र हे विचारताना घोडेवाल्याला गुन्हेगार ठरवून बोलू नये. त्याचाही संसार त्याच चार पायांवर असतो. एक दिवसाची मजुरी बुडण्याच्या भयाने तो जखम झाकतो, आणि त्या एका दिवसापायी कधी वर्षाची मिळकत गमावतो. ठरलेली मजुरी देऊन, 'आज घोड्याला विश्रांती द्या,' असे म्हणणारा एखादा वरपिता निघाला, तर वरातीची शोभा कमी होईल असे मला वाटत नाही. नवरदेव चालत गेला तरी लग्न लागतेच!

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हे वर्गात शिकविताना मला नेहमी अगत्याचे वाटते. सेवा हा अर्थ त्याला मागाहून आला. आजारी माणूस, तान्हे मूल, मुके जनावर यांच्यासाठी आपण काही करतो तेव्हा केल्याचे समाधान आपल्याला लवकर मिळते, आणि त्या समाधानात ऐकणे राहून जाते. पट्टी बांधणे ही कृती आहे. ती चारचौघांना दिसते. बारा तासांनी जाऊन ती सोडणे, उघड्या पायावरून हात फिरविणे, आणि बांधल्याने बरे झाले की वाईट झाले हे त्या पायालाच विचारणे, हे कोणाला दिसत नाही. घोड्याच्या बाबतीत शुश्रूषा ती हीच. ज्याला सोडण्याची वेळ पाळता येणार नसेल, त्याने बांधूच नये. त्याने लगाम हाती घ्यावा आणि घोडा थोडा फिरवून आणावा.